नाम नसलेली वाक्यं

मुलींच्या व्याकरणासाठी वेगळा अभ्यासक्रम घ्यायचा, हे मी ठरवलं ते थोरलीच्या एका वाक्यामुळे. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात होतं, ‘पाऊस येतो म्हणून अज्जा सांगितले म्हणून मी कपडे काढली.’ मी आधी हसले. मग पुन्हा वाचलं आणि काळजीत पडले. मुलगी बारा वर्षांची. दोन-तीन वर्षांत तिला मुक्त शाळेच्या परीक्षेला बसायचं होतं, आणि तिच्या वाक्यांत मराठी, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचे पाय एकमेकांत अडकलेले.

आमच्या दोन्ही मुली शाळेत जात नाहीत. कुंभकोणममध्ये हे कुणाला सांगितलं की लोक आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी करतात. थोरलीच्या तब्येतीपासूनच ते सुरू झालं होतं म्हणा. वर्गात इंग्रजी, मैदानात तमिळ आणि घरी मराठी, यात तिनं शाळेत तोंड उघडणंच बंद केलं होतं. रोज सकाळी पोटात दुखायचं. एक वर्ष घरी शिकवून बघू म्हणून तिला काढली, तर धाकटीही हट्टानं घरी बसली, आणि ते एक वर्ष काही संपलं नाही.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इथं आले ती नवऱ्याच्या घरच्या जुन्या मराठीत. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबाराच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. घराबाहेर सगळे तमिळ बोलतात. उंबरा ओलांडून आत आलं की मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी निघालेली, वाटेत तमिळ अंगावर घेतलेली मराठी. पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी मला विचारलं होतं, ‘तुज काय म्हणून हाक मारूं?’ मला हसू आवरेना. त्यांना ‘मामंजी’ म्हणायचं असतं हेही मला तेव्हाच कळलं. सांगलीत तो शब्द मी फक्त आजीच्या तोंडी ऐकला होता. माझे ते मामंजी, नवऱ्याचे अप्पा आणि मुलींचे अज्जा.

मामंजींची सगळी नोकरी तिरुभुवनमच्या विणकरांच्या एका सहकारी संस्थेत गेली. रेशीम रंगवून आलं की त्याचा रंग बरोबर उतरला की नाही हे ते बघत. रंगांची नावं त्यांच्या तोंडून ऐकावीत. अरक्कु म्हणजे लाखेसारखा काळपट लाल, वाडामल्ली म्हणजे त्याच नावाच्या फुलासारखा जांभळा, मोराच्या मानेचा, पिकल्या आंब्याचा, कोवळ्या पानाचा. मुली लहान असताना ते त्यांना खिडकीशी घेऊन बसत आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायकांच्या साड्यांचे रंग सांगत. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदोनदा बसनं तिरुभुवनमला जात, जुन्या सोबत्यांबरोबर कॉफी घेत आणि दुपारच्या जेवणाला परत येत.

तर, अभ्यासक्रम. तोवर आम्ही वापरत होतो ते भाषेचं एकत्र पुस्तक होतं. गोष्टी, कविता, पत्रलेखन सगळं एकातच, आणि व्याकरण फोडणीतल्या हिंगाइतकं. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या गटावर मी विचारलं, तर दिवसभर फोन वाजत राहिला. निम्म्या जणी एका इंग्रजी पुस्तकमालिकेच्या बाजूच्या होत्या. रोज एक पान, पानावर दहा वाक्यं, मागे उत्तरं. आईला काही यावं लागत नाही, असं एकीनं लिहिलं होतं. मी नमुना मागवला. वाक्यं नीटनेटकी होती, पण त्यात मुलं बर्फात खेळत होती आणि आजीकडे जाऊन केक खात होती. धाकटीनं चार दिवस मुकाट्यानं रेघा मारल्या. पाचव्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, ही वाक्यं कुणीच बोललेली नाहीयेत.’

मग मी महाराष्ट्रातून एक मराठी अभ्यासक्रम मागवला. निवृत्त शिक्षकांनी तयार केलेला, अतिशय पद्धतशीर. विभक्तीचे तक्ते, प्रयोग, समास सगळं होतं. प्रत्येक धड्याच्या शेवटी ‘चुकीची वाक्ये दुरुस्त करा’. थोरलीला त्याची फार गोडी लागली. तिला पहिल्यांदाच भाषेत बरोबर काय ते ठामपणे कळत होतं. एक दिवस मामंजी म्हणाले, ‘मज थोडी कॉफी दे.’ आणि ती लगेच म्हणाली, ‘मज नाही अज्जा. मला.’

ते तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. ‘मी बोलतों ती चूक आहे काय?’

‘नाही हो मामंजी. तुमची मराठी जुनी आहे, एवढंच.’

‘मग पुस्तकांत काय म्हणून लिहिलंय?’

त्या पुस्तकाप्रमाणे आमच्या घरात बोललं जाणारं प्रत्येक दुसरं वाक्य दुरुस्तीला काढावं लागलं असतं. मी ते कपाटात वर ठेवून दिलं. आणि त्या दिवशी मनाशी एक गोष्ट पक्की केली, की या घरातल्या बोलण्याला चूक म्हणायचं नाही. मामंजी काही वेगळं बोलले तर ते जुनं आहे, तमिळच्या वळणाचं आहे, असंच समजायचं. मला तेव्हा यात फार मोठेपणा वाटला होता.

तिसरा अभ्यासक्रम मिळाला तो गटातल्याच एका बाईकडून. दोन भाषाशिक्षिकांनी मिळून तो केला होता आणि कुठल्याही भाषेला लावता येत होता. त्यात तयार वाक्यच नव्हतं एकही. मुलांनी आठवडाभर घरातली माणसं काय बोलतात ते ऐकायचं, त्यातली वाक्यं निवडायची, आणि रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर एकेक शब्द लिहून ती जमिनीवर मांडायची. नामाला पिवळी पट्टी, क्रियापदाला लाल, सर्वनामाला निळी, विशेषणाला हिरवी. शिकवण्याआधी ऐकायला शिका, असं पहिल्या पानावर होतं.

नवऱ्यानं ते चाळून विचारलं, ‘ह्यात पुस्तक कोठें आहे?’ तो कर सल्लागार आहे. ज्याला पानांचे क्रमांक नाहीत त्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

‘आपणच पुस्तक,’ मी म्हणाले.

पहिले काही आठवडे घरात नुसता धुमाकूळ होता. आम्ही काय बोलतो ते दोन पोरी कान टवकारून ऐकत होत्या. माझी वाक्यं मांडून झाल्यावर कळलं की मी दिवसभर फक्त हुकूम सोडते. नवऱ्याच्या वाक्यात फोन, फाइल आणि तारीख याशिवाय नाम नव्हतं. तो खजील झाला आणि रात्रीच्या जेवणाला मुद्दाम चांदण्याबद्दल बोलला. आम्ही खूप हसलो. मामंजीही हसले. ते खुर्चीत बसून वरून पट्ट्या बघत असत.

पट्ट्यांचे कागद आणले त्याच दिवशी धाकटीनं पिवळा ताव त्यांच्यापुढे धरला होता. ‘अज्जा, ह्याचं नाव काय?’

‘तो ना,’ ते म्हणाले. बोटांनी हवेत काहीतरी गोल दाबल्यासारखं केलं. ‘पिकतो बघ. उन्हाळ्यांत. खातात.’

‘आंबा!’ धाकटी ओरडली. तिला ते कोडं वाटलं. मलाही तसंच वाटलं, आजोबा नातीला खेळवताहेत म्हणून.

पुढं एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. मुली शेजारच्या खोलीत आठवड्याची वाक्यं मांडत होत्या. त्यांचं काहीतरी अडलं होतं. धाकटी आत आली.

‘आई, अज्जांच्या वाक्यांना पिवळी पट्टी लागतच नाही.’

‘म्हणजे?’

‘नामच सापडत नाही.’

मी हात पुसून बाहेर गेले. जमिनीवर मामंजींच्या पाच ओळी होत्या. ते घेऊन ये. तिकडे ठेव. त्यांस सांगितलं काय? ते जाहलं, आतां ते करूं. तो येऊन गेला. सगळीकडे लाल आणि निळं. माझ्या, नवऱ्याच्या ओळींत मध्येमध्ये पिवळं होतं; मामंजींच्या ओळी दाराकडून बघितल्या तरी वेगळ्या दिसत होत्या.

‘म्हातारी माणसं असं बोलतात,’ मी म्हणाले. ‘समोरच्याला माहीतच असतं ना, म्हणून ते, तो, तिकडे. आणि अज्जांची मराठी जुनी आहे.’

थोरली गुडघ्यांवर हनुवटी टेकून ओळींकडे बघत होती. ‘आधी असं नव्हते बोलत,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘आधी अज्जा सगळ्याचं नाव सांगायचे.’

मी तव्याकडे परत गेले. पोळी करपली होती. ती बाजूला काढताना माझ्या लक्षात आलं, की मला कसलीतरी भीती वाटते आहे आणि ती कशाची हे मला आधीपासून ठाऊक आहे.

त्या दिवसापासून मीही ऐकू लागले. ऐकायला लागल्यावर ते थांबवता येईना. कॉफीच्या डवरा-टंबलरमधला डवरा, म्हणजे पेल्याखालची वाटी, हवा असला की मामंजी म्हणत, ‘ते दे, त्यांत ओततात ते.’ भाजीवालीची गाडी दारात आली तर पूर्वी ते वरूनच शेवगा, सुरण, केळफूल अशी यादी सांगत. आता खाली जाऊन बोटानं दाखवत. फोन वाजला की उठून न्हाणीघरात जात. वर्तमानपत्र हातात असे, पण पान उलटत नसे. त्यांच्या बोलण्याचा वेग तोच होता, सूर तोच, मधूनच हसणंही तेच. वाक्य सरळ चालत येई आणि जिथं नाव यायला हवं तिथं जमिनीत खड्डा असावा तसं बाजूनं वळून जाई. इतक्या सफाईनं, की बरोबर चालणाऱ्याला कळूही नये.

एका दुपारी थोरलीनं मला विचारलं, ‘अज्जांनी मला नावानं हाक कधी मारली होती शेवटची?’

मी आठवू लागले. ते दोघींनाही ‘बाळ’ म्हणत. कधीपासून? मला सांगता येईना. मला ते ‘अग’ म्हणत. नवऱ्याला काहीच म्हणत नसत; त्याच्या जवळ जाऊन उभे राहत आणि मग बोलत. आमच्या घरात पाच माणसं होती आणि त्यातल्या एकानं बाकीच्या कुणाचंही नाव घेतलेलं कुणाला आठवत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चिडला. ‘अप्पांस काय झालंय? चालतात, जेवतात, एकटे बसनं जातात येतात. तुमचं हे व्याकरण डोक्यांत गेलंय तुमच्या.’

‘तुम्ही एकदा नीट ऐका तरी.’

संध्याकाळी तो त्यांच्याजवळ जाऊन बसला. काही वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, ‘अप्पा, अम्मानं लग्नांत कोणती साडी नेसली होती? रंग कोणता होता?’

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. ती साडी मामंजींनी स्वतः उभं राहून विणून घेतली होती, आणि तिच्या रंगाचं नाव या घरात लहान पोरालाही माहीत होतं. अरक्कु.

मामंजींचा चेहरा उजळला. ‘ती ना! लाल. पण लाल नव्हे. विझत आलं कीं दिसतं, तसं. आंतून जळतं, वरून काळं. ती बसली, मी पाहिलं. असं वाटलं कीं हात लावला तर भाजेल.’

इतकं सुंदर ते पूर्वी कधी बोलले नव्हते. धाकटीनं टाळ्याही वाजवल्या. नवरा मात्र उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी गेले तर तो कठड्याला धरून उभा होता.

‘नाव नाही घेतलं,’ तो म्हणाला. ‘शेवटपर्यंत नाव नाही घेतलं.’

तंजावरच्या डॉक्टरांची वेळ त्यानं दुसऱ्याच दिवशी मागितली. ती पुढच्या आठवड्यातली मिळाली. त्याआधीच मामंजी तिरुभुवनमला जायला निघाले. मी ‘आज नको’ म्हणाले. त्यांनी चपला घातल्या, छत्री घेतली आणि म्हणाले, ‘जाऊन येतों.’ त्या दोन शब्दांत काहीच चुकलं नव्हतं. मी अडवू शकले नाही.

जेवणाची वेळ झाली, टळली. मी त्यांचा फोन लावला. तो वाजत राहिला. तिरुभुवनमला त्यांच्या सोबत्याला फोन केला. तो म्हणाला, आज आलेच नाहीत. गेल्या वेळीही आले नव्हते. मग गेल्या वेळी ते दिवसभर कुठं होते? नवरा स्कूटर घेऊन बसस्टँडवर गेला. मुली खिडकीत उभ्या राहिल्या. आकाश सकाळपासून भरून होतं आणि वारा अजिबात नव्हता. समोरच्या घराच्या पत्र्यावर कावळे बसले होते, तेही ओरडत नव्हते. धाकटी मला चिकटून उभी होती.

चार वाजायच्या सुमाराला मामंजींच्याच नंबरावरून फोन आला. एक बाई तमिळमध्ये बोलत होती. ती चोळपुरमला रस्त्यालगत चहाची टपरी चालवत होती. चोळपुरम उत्तरेला, तिरुभुवनमच्या रस्त्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘एक मोठे गृहस्थ सकाळपासून इथं बसलेत,’ ती म्हणाली. ‘चांगल्या घरातले वाटतात. कुठं जायचं विचारलं तर हात दाखवतात. मी म्हटलं, गावाचं नाव सांगा, बसमध्ये बसवून देते. ते सांगत नाहीत. फोन वाजला तरी उचलत नव्हते. आता मीच त्यांच्या हातातून घेतला.’

मी नवऱ्याला घरी बोलावून घेतलं आणि आम्ही सगळेच निघालो, रिक्षा करून. मुलींना घरी ठेवायचं धाडस मला झालं नाही.

मामंजी बाकावर ताठ बसले होते. छत्री मांडीवर. आम्हाला बघून ते उठले, पाहुण्यांसाठी उठावं तसे. त्यांच्यापुढे चहाचा रिकामा ग्लास होता. बाईनं सांगितलं की त्यांनी पैसे दिले, दोनदा दिले, तिनं एका वेळचे परत केले.

‘अप्पा, इकडे काय म्हणून आलांत?’ नवऱ्यानं विचारलं.

‘त्यानं दिलं,’ मामंजी म्हणाले. ‘मी म्हणालों, तिकडे. त्यानं दिलं. मी बसलों.’

एवढ्यावरून आम्हाला कळलं. कंडक्टरनं कुठलं तिकीट म्हणून विचारलं असणार, आणि त्यांना गावाचं नाव सांगता आलं नसणार. जिथं सगळं आयुष्य नोकरी केली त्या गावाचं. मग उतरल्यावर परतायचं तर स्वतःच्या गावाचंही नाव नव्हतं.

परतीच्या रिक्षेत ते माझ्या शेजारी बसले होते. धाकटी त्यांच्या मांडीला टेकली होती. तिरप्या पावसाचे थेंब आत येऊ लागले तेव्हा त्यांनी छत्री उघडून तिच्यापुढे धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘जात होतं. कळत होतं मज.’

मी विचारलं, ‘केव्हापासून मामंजी?’

त्यांनी मान हलवली. ‘सांगूं कसं? सांगायला तेंच लागतं.’

तंजावरच्या डॉक्टर बाई शांत आणि तरुण होत्या. त्यांनी मामंजींपुढे चित्रं ठेवली. कंगव्याचं चित्र बघून ते म्हणाले, ‘विंचरतात.’ कुलपाचं चित्र बघून, ‘लावतात, मग जातात.’ होडी बघून ते थबकले आणि मग हात वल्ह्यासारखे हलवले. डॉक्टर तमिळमध्ये विचारत होत्या. मराठीत विचारून बघा, त्यांची मातृभाषा आहे, असं त्या मला म्हणाल्या. मी मराठीत विचारलं. उत्तर तेच आलं. तोवर मला कुठंतरी आशा होती, की तमिळ जात असेल, आमची भाषा तरी आत शाबूत असेल.

‘हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘माझ्या धाकट्या मुलीच्या. व्याकरणाच्या तासाला.’

त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. ‘बहुतेक घरांत हे फार उशिरा कळतं,’ त्या म्हणाल्या. ‘माणूस बोलत असतो ना, म्हणून.’

मेंदूची तपासणी झाली. मेंदूचा जो भाग वस्तूंची नावं सांभाळतो तो सुकत चालला होता. आजार हळू चालणारा होता. औषधानं थांबणारा नव्हता. आधी नावं जातील, मग इतर शब्द, मग दुसऱ्यांच्या शब्दांचा अर्थ. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामंजी आमच्यामध्येच बसले होते आणि माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याची चुरगळलेली बाही बोटांनी सरळ करत होते.

घरी आल्यावर मी पट्ट्यांचा डबा उचलून आत ठेवला. मला तो नजरेसमोर नको होता. पण खरी धास्ती मला धाकटीची बसली. तिनं बोलणं कमी केलं, वाक्यं गोळा करणं बंद केलं, आणि मामंजी खोलीत आले की ती दुसऱ्या खोलीत जाऊ लागली. एक दिवस मी तिला वेणी घालताना विचारलं. तिनं हातातली रिबीन बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाली, ‘मी त्यांच्या वाक्यांतून नामं काढत होते ना. म्हणून संपली.’

मी वेणी अर्धी सोडून तिला समोर वळवलं. तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. आपण वेचून घेतली म्हणून आजोबांकडची नावं संपली, असं तिनं इतके दिवस एकटीनं मनात ठेवलं होतं. मी तिला समजावलं, की ती आधीच जात होती, तू फक्त ऐकलंस. डॉक्टरांचे शब्द सांगितले. तिनं मान डोलावली. पण तिला पटलं नाही हे मला दिसत होतं.

तिला मामंजींनीच परत आणलं. कसं ते मला नीट सांगता येणार नाही. मुलींचा तास सुरू व्हायच्या वेळी ते येऊन जमिनीवर बसले. खुर्चीवर बसणारे मामंजी गुडघे धरून सतरंजीवर बसले आणि पट्ट्या ठेवायची जागा हातानं झटकली. धाकटी दारात उभी होती.

‘ये,’ ते म्हणाले. ‘बैस. लिही. मी बोलतों.’

सगळी क्रियापदं होती. थोरलीनं मुकाट्यानं डबा काढून आणला. त्या दिवशी दोघींनी मिळून त्यांची वाक्यं मांडली. लाल पट्ट्यांची एक लांब रांग झाली. ये, बैस, लिही, बोलतों, पाहतों, हसूं नको. तरी धाकटी हसली, आणि हसताहसता रडली.

याला आता वर्ष होऊन गेलंय. अभ्यासक्रमाचा पहिला भाग संपला. थोरलीची वाक्यं सरळ झाली आहेत. परीक्षेचं ती बघून घेईल असं वाटतं. दुसरा भाग मागवायचा की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. गटावर परवा एका नव्या आईनं विचारलं होतं, की मधल्या वयाच्या मुलांसाठी व्याकरणाचं कुठलं पुस्तक घ्यावं. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. हा घ्या म्हणावं, तर काय ऐकू येईल याची खात्री देता येत नाही. शेवटी मी आमच्यासाठी दुसरा भाग मागवला, कारण थोरलीला तोच हवा होता.

मामंजींची क्रियापदंही आता विरळ झाली आहेत. ‘ये’ आणि ‘बैस’ आहेत. ‘जाऊन येतों’ गेलं, आणि तेही बाहेर पडेनासे झाले. कधी कधी मी काही सांगते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात, परक्या देशातल्या माणसाकडे बघावं तसे, अगदी सौजन्यानं. मग मी त्यांचा हात धरते आणि हवं ते दाखवते. खिडकीशी मात्र ते अजून बसतात. रस्त्यानं एखादी गडद साडी गेली की पुढे वाकतात. थोरली त्यांच्या शेजारी बसून रंगांची नावं घेते. ती नावं तिला त्यांनीच शिकवली होती. ते ऐकतात की नाही, कळत नाही.

आणि आमच्या घरात एक नवीन गोष्ट आली आहे, जिच्याबद्दल आम्ही बोलत नाही. परवा रात्री जेवताना नवरा ताटावरून हात पुढे करून म्हणाला, ‘ते दे जरा. ते, काय ते...’

थोरलीचा घास हातातच राहिला. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात मी त्याचं वय मनात धरलं आणि मामंजींना हे कुठल्या वयात सुरू झालं असेल याचा हिशेब करू लागले.

‘लोणचं,’ तो म्हणाला. आमचे चेहरे बघून त्यानं पुन्हा एकदा मोठ्यानं म्हटलं, ‘लिंबाचं लोणचं.’

मी बरणी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं वाढून घेतलं. मुली पुन्हा जेवू लागल्या, पण दोघींचे कान त्याच्याकडेच होते.